पाऊस थांबल्यानंतरचं पाणी

बडोद्यात पावसाची धास्ती पाऊस पडत असताना असते आणि तो थांबला की जाते. लोक दारं उघडतात, चहा टाकतात, पोरं कोपऱ्यापर्यंत किती पाणी आहे ते बघायला निघतात. खरं तर आपल्या शहरात धोक्याचे तास तिथूनच सुरू होतात. वाऱ्यापावसाची तयारी आता बऱ्याच सोसायट्या करतात. पाऊस ओसरल्यावर मागून येणाऱ्या नदीची तयारी फार थोड्या ठिकाणी होते. आमच्या सोसायटीने गेल्या काही वर्षांत यातलं जे शिकून घेतलं, ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून निघते, सपाट मुलखातून वळणं घेत शहराच्या मधोमध येते आणि पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. शहराच्या वरच्या अंगाला सयाजीराव महाराजांच्या काळातलं आजवा सरोवर आहे, 62 दरवाजांचं, आणि त्याच्या जोडीला प्रतापपुरा तलाव. हालोल-पावागडच्या बाजूला कोसळलेलं पाणी ओढ्यांतून आणि काँसांतून, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांतून, गोळा होत आपल्यापर्यंत यायला कित्येक तास घेतं. इथे ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते. म्हणून जुना बडोदेकर 'पाऊस किती इंच?' एवढ्यावर थांबत नाही. 'आजव्याची लेव्हल किती?' आणि 'काळ्या घोड्याला किती फूट?' (तिथल्या पुलाशी नदीची पातळी मोजतात) हे त्याचे पुढचे दोन प्रश्न असतात. आजव्याचा 214 फुटांचा आकडा आणि नदीचा 25 फुटांचा, हे दोन्ही इशाऱ्याचे आकडे आमच्या सोसायटीतल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. 31 जुलै 2019 ला दिवसभरात जवळपास 20 इंच पाऊस पडला, तेव्हा ही मुलं अगदीच लहान होती. ऑगस्ट 2024 मध्ये नदी 35 फुटांच्या वर गेली, ते मात्र त्यांनी जिन्यात उभं राहून पाहिलं.

आमची सोसायटी अकोट्याच्या पुढे, मुजमहुड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत आहे. चार मजले, खाली थोडं पार्किंग, थोडी घरं. निम्मी मराठी, निम्मी गुजराती. सगळी मिळून तयारी करायची असं पहिल्यांदा ठरलं ते जून 2023 मध्ये, बिपरजॉयच्या वेळी. 6 जूनला अरबी समुद्रात तयार झालेलं ते वादळ 15 जूनच्या संध्याकाळी कच्छमध्ये जखौजवळ किनाऱ्याला लागलं. मधले दिवस रोज नवा नकाशा, रोज नवी रेघ. आधी वाटलं दूर समुद्रातच जाईल, मग ते कच्छकडे वळलं. कच्छ-सौराष्ट्रात लाखभर माणसं हलवावी लागली. बडोदं त्याच्या मुख्य वाटेवर नव्हतं, पण वारा येणार होता आणि वाऱ्याचं काम गच्चीपासून सुरू होतं.

गच्ची ही कोणाचीच नसते, म्हणून तिथे सगळ्यांचं सामान असतं. सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे, मोडकी खुर्ची, कोणाच्या तरी जुन्या पलंगाची फळी, कठड्यावर ओळीने कुंड्या, टाकीचं नुसतं टेकवलेलं झाकण. वारा सुटला की यातली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी काचेवर किंवा डोक्यावर जाणार. आम्ही कुंड्या खाली उतरवून जिन्याच्या कोपऱ्यात मांडल्या, झाकणं तारेने बांधली, सोलरच्या काचांवर जुन्या गोधड्या टाकून दोऱ्यांनी आवळल्या. पत्र्याचे तुकडे भंगारवाल्याला दिले. आणि मग पन्हाळींच्या तोंडाशी बसलो. कडुनिंबाचा पाला, उत्तरायणात कटून पडलेल्या पतंगांचा लगदा, मांज्याची गुंतवळ, कबुतरांची पिसं, सगळं मिळून जाळीवर घट्ट बसलं होतं. शंभर चौरस मीटर गच्चीवर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे अडीच हजार लिटर पाणी. आमची गच्ची त्याच्या तिप्पट. तोंड बुजलेलं असेल तर ते पाणी तिथेच साठतं आणि जिन्यावरून लिफ्टच्या मशीनच्या खोलीत उतरतं. त्या दोन मुठी कचऱ्याचं मोल काय आहे हे हा हिशेब मांडल्यावर सगळ्यांना पटलं.

फाटकाजवळच्या गुलमोहरावरून मात्र वाद झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं म्हणणं, पडण्याआधी तोडून टाकू. त्यांची भीती खोटी नव्हती. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं फार खोल जात नाहीत, आणि त्याच्या सावलीत सगळ्यांच्या गाड्या. पण झाड बुंध्याशी नीट बघितलं तर दोष त्याचा नव्हता. पेव्हर ब्लॉक अगदी खोडाला भिडवून बसवले होते, एका बाजूची मुळं पाइप टाकताना कापली होती. शहरभर असंच चाललंय. आपण झाडाचे पाय सिमेंटमध्ये आवळतो आणि ते उन्मळलं की झाडाला नावं ठेवतो. शेवटी खोडाभोवतीचे ब्लॉक काढून माती मोकळी केली. वाळलेल्या आणि वायरींवर झुकलेल्या फांद्या तेवढ्या परवानगी घेऊन माणसाकरवी छाटल्या. शेंडा उडवू दिला नाही, कारण शेंडा उडवलेल्या झाडाला पुढे फुटतात त्या फांद्या आणखी कच्च्या असतात. गाड्या पलीकडे लावल्या. वारा आला, दोन रात्री दारं-खिडक्या वाजल्या, गुलमोहराची एक फांदी पडली. बस, तेवढंच.

'काहीच तर झालं नाही' असं त्यानंतर पुष्कळांनी म्हटलं. मला ते पटलं नाही. टाकीचं झाकण जागेवर राहिलं, कोणाच्या डोक्यात पत्रा पडला नाही, हे झालं की! शिवाय त्या आठवड्यात आम्हाला एकमेकांची घरं कळली. त्याचा उपयोग पुढच्या वर्षी झाला.

2024 चं संकट समुद्राकडून आलं नाही. बंगालच्या उपसागराच्या बाजूने मध्य प्रदेश, राजस्थान ओलांडत येणारे कमी दाबाचे पट्टे पावसाळ्यात गुजरातला नवे नाहीत. त्या वेळचा पट्टा मात्र बळावत गेला होता आणि रेंगाळत होता. हवामान खात्याचा लाल इशारा होता. 24 तासांत 204.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, म्हणजे गुजरातच्या भाषेत आठ इंचांच्या वर पाऊस पडला, तर त्याला 'अतिवृष्टी'चा सगळ्यात वरचा वर्ग देतात. लाल इशारा म्हणजे वाट बघत बसू नका, हातपाय हलवा. हीच प्रणाली पुढे कच्छवरून समुद्रात उतरली आणि 30 ऑगस्टला तिचं 'आसना' नावाचं चक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये चक्रीवादळ होणं 1976 नंतर पहिल्यांदाच घडलं. आमच्या अंगावरून ते गेलं तेव्हा त्याला नावही नव्हतं.

26 ऑगस्टला गोकुळाष्टमी होती. घरोघर सुंठवडा कुटून ठेवलेला, पाळणे सजवलेले, आणि बाहेर पावसाची झोड. मग जोर कमी झाला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच वेळी नदीच्या पातळीचे आकडे तासातासाला चढत होते.

पाणी फाटकातून येईल म्हणून सगळे फाटकाकडे बघत राहतात. ते आधी मोरीतून येतं. नदी चढली की गटारांचं पाणी बाहेर जायचं थांबतं, उलटं फिरतं आणि तळमजल्याच्या न्हाणीघरात, संडासात वर येतं. तळमजल्यावरच्या मावशींना 2019 मध्ये याचा अनुभव आला होता, त्यामुळे या खेपेला त्यांनीच सगळ्यांना कामाला लावलं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या रेतीने भरल्या. एक गोणी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कमोडच्या तोंडावर दाबून बसवायची, मोरीच्या जाळीत जुनी चादर कोंबून वर वजन ठेवायचं. घाण पाणी थांबलं नाही तरी त्याचा वेग मोडतो, आणि तेवढ्या वेळात खालच्या कपाटातलं वर जातं.

गॅसचा सिलिंडर, विशेषतः अर्धा रिकामा असलेला, पाण्यावर तरंगतो. नळी ताणली जाते आणि अंधारात गॅस सुटतो. रेग्युलेटर काढून, टोपण बसवून, सिलिंडर उभाच खिडकीच्या गजाला दोरीने बांधायचा. इन्व्हर्टरची बॅटरी पन्नास किलोच्या घरात असते. ती पाणी आल्यावर उचलायची गोष्ट नव्हे, आधी दोघा-तिघांनी मिळून ओट्यावर चढवायची. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची, कारण तिचा खड्डा सगळ्यात आधी भरतो. वरची टाकी काठोकाठ भरून मोटर बंद करायची, आणि पाणी चढलं की अंडरग्राउंड टाकीचं पाणी प्यायचं नाही हे घरोघर जाऊन सांगायचं. झाकण कितीही घट्ट असलं तरी ते पाणी गेलं असंच धरायचं. तुरटी फिरवून गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. त्यासाठी उकळायला हवं, नाहीतर क्लोरीनच्या गोळ्या हव्यात. माणशी दिवसाला तीन-चार लिटर धरून पिण्याचं पाणी हंडे, कळश्या, कुकर, जे मिळेल त्यात भरून ठेवलं. पाणी प्लगांपर्यंत पोचायच्या आत मेन स्विच पाडायचा, आणि ओसरल्यावर वायरमनने बघेपर्यंत तो चढवायचा नाही. बुडलेली गाडी 'चालू होते का बघू' म्हणून किल्ली फिरवायची नाही. त्या रात्री शहरात ओव्हरब्रिजच्या दोन्ही कडांना गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. आमच्यातल्या काहींच्या गाड्याही तिथेच होत्या.

सामानाचं एवढं लिहिलं, पण वेळ खातात ती माणसं, आणि खायलाच हवी. बिपरजॉयच्या वेळी केलेली यादी कपाटाला चिकटवलेली होती. कोणाकडे इन्सुलिन आहे, कोणाला ऑक्सिजनचं मशीन लागतं, कोणाचे दिवस भरत आलेत, कोणाची मुलं पुण्याला किंवा कॅनडात आहेत आणि त्यांचे फोन नंबर काय. मशीनवाल्या काकांना दुपारीच, रस्ता उघडा असताना, मांजलपूरला नातेवाइकांकडे पोचवलं. वीज गेल्यावर ते शक्य झालं नसतं. फ्रिज बंद पडला की इन्सुलिनचं काय, यावर वरच्या मजल्यावरच्या बेनने उपाय काढला. कुपी कोरड्या प्लॅस्टिकमध्ये बांधून माठात, आणि माठाला ओलं फडकं. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं 30 अंशांच्या आत चारेक आठवडे टिकतात. हे आधी डॉक्टरांना विचारून ठेवलेलं होतं, म्हणून घबराट झाली नाही.

तळमजल्यावरचे आजोबा हलायला तयार नव्हते. त्यांच्या वडिलांनी सत्तावीसची रेल पाहिली होती. जुलै 1927 चा तो महापूर, ज्यात अर्धं गुजरात बुडालं, या घरात अजून 'सत्तावीसची रेल' म्हणूनच बोलला जातो. "तेव्हाही आमचा वाडा उभा राहिला," ते म्हणाले.

"आजोबा, तो वाडा दांडिया बाजारात होता. आपण नदीच्या कुशीत राहतो," मी म्हटलं.

"तुम्ही जा. मी दार धरून बसतो."

आजींनी त्यांच्याशी वाद घातला नाही. पाळण्यातला बाळकृष्ण उचलून त्यांच्या हातात दिला. "याला वर नेऊन ठेवा. ओलं नको व्हायला. माझे गुडघे नाहीत चढायचे." आजोबा देव घेऊन जिना चढले. मग देवांची पेटी. मग समई. तिसऱ्या फेरीला त्यांना वरच बसवून घेतलं आणि आजींना खुर्चीत घालून चौघांनी उचललं. पुढे कुणाला घराबाहेर काढायचं असेल तर त्याला काम द्यावं, हे मी आजींकडून शिकले.

रात्री पार्किंगमध्ये कमरेइतकं पाणी झालं आणि अख्खी बिल्डिंग अंधारात गेली, कारण सगळे मीटर खालीच, भिंतीवर कमरेच्याच उंचीला. त्या पाण्यात उतरायचं नाही असा नियम आम्ही केला होता आणि तो कडक पाळला. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बाहेरच्या माणसाला नवल वाटतं, आपल्याला ते शेजार आहे. पूर आला की काठावरची त्यांची बिळं बुडतात, जोराच्या प्रवाहातून त्या बाहेर पडतात आणि थारा शोधतात. त्या तीन दिवसांत वन विभागाने वस्त्यांमधून 24 मगरी पकडल्या. अकोट्यात एका घराच्या छपरावर बसलेली मगर तर देशाने पाहिली. ती कोणाला खायला आलेली नव्हती. आपल्यासारखीच कोरड्या जागेला आली होती. दगड मारायचे नाहीत, फोटोसाठी जवळ जायचं नाही, वन विभागाला कळवून लांब थांबायचं. गल्लीतली कुत्री आम्ही जिन्यात घेतली होती. त्यावरूनही थोडी कुरकुर झाली, पण पहिल्या रात्रीनंतर कोणी काही बोललं नाही.

दुसऱ्या मजल्यावर सामाईक स्वयंपाक झाला. खिचडी, थेपले, मेतकूट-भात. बेनने गूळ, तूप आणि गव्हाच्या पिठाची परातभर सुखडी थापली. ती फ्रिजशिवाय टिकते, पोटभर होते, लहान मूलही खातं. गुजरातेत कुठेही आपत्ती आली की घरोघर सुखडी होते, ती उगीच नाही.

आमच्या मागच्या भिंतीपलीकडे एक छोटी वस्ती आहे, पत्र्याच्या घरांची. यावर मला जरा थांबायचं आहे. 2019 नंतर आमच्या रस्त्यावर जी नवी बांधकामं झाली, त्यांनी जोतं उंच घेतलं. मग आधीच्या सोसायट्यांनी फाटकाशी उंचवटे केले. आम्हीही करणार होतो, अंदाजपत्रकसुद्धा आलं होतं. पण पाणी नाहीसं होत नाही, ते सरकतं. आम्ही अडवलेलं पाणी त्या पत्र्याच्या घरांत शिरणार होतं. तिथल्या दोन बायका आमच्या निम्म्या घरांत काम करतात. त्यांची पोरं आमच्या अंगणात खेळतात. मीटिंगमध्ये मी हे बोलले तेव्हा एकाने विचारलं, "मग आपण बुडायचं का?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की आपल्याला वर चढायला जिना आहे, त्यांना नाही. म्हणून उंचवट्याचा खर्च रद्द करून मागच्या भिंतीत फाटक केलं, जिना त्यांच्यासाठी उघडा ठेवायचं ठरलं. 2024 च्या त्या रात्री पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर, जिन्यात, कोणाच्या हॉलमध्ये वस्तीतली माणसं होती. दोन घरांनी दार उघडलं नाही. बाकीच्यांनी उघडलं.

पाणी ओसरल्यावरचा चिखल, वास, रस्त्यावर वाळत टाकलेल्या गाद्या, पुस्तकं, लग्नातले अल्बम, हे ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको. पाय सोलवटलेला असेल तर चिखलात उतरायचं नाही, लेप्टोचा धोका असतो. ताप आला तर अंगावर काढायचा नाही. एवढं मात्र सांगते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात नदीचं पात्र खोल आणि रुंद करायचं काम निघालं. ते हवंच होतं. पण नदीपर्यंत पाणी नेणाऱ्या काँसांचं काय? रूपारेल, भूखी, मसिया ही नावं आमच्या आधीच्या पिढीला नद्यांसारखी माहीत होती. आता कित्येक ठिकाणी त्यांच्यावर स्लॅब आहे, वर पार्किंग, आत मलबा आणि प्लॅस्टिक. मे महिन्यात आमच्यातले काही जण जवळच्या काँसच्या कडेने चालत जातात. कुठे तुंबलंय, कुठे कोणी फरशीचे तुकडे ओतलेत, याचे फोटो काढून वॉर्ड ऑफिसला देतात. दरवेळी काम होतंच असं नाही. पण आपल्या गल्लीतला घराच्या दुरुस्तीचा मलबा तिकडे जाणं तरी थांबलं आहे, आणि ते आमच्याच हातात होतं.

या वर्षीच्या मीटिंगमध्ये सगळे मीटर पहिल्या मजल्याच्या जिन्याजवळ घ्यायचे ठरलं. वीज कंपनीकडे अर्ज गेला आहे, खर्च मोठा आहे, तळमजल्यावरच्यांकडून वाटा घ्यायचा नाही यावर शेवटी एकमत झालं. लिफ्टच्या खड्ड्यातल्या पंपाचं अजून अडलं आहे. फाटकाच्या खांबावर 2019 आणि 2024 च्या पाण्याच्या रेघा तेलरंगाने आखल्या आहेत. आणि एक नवी यादी कपाटावर लागली आहे. पाऊस थांबल्यापासून पुढचे दोन दिवस, दोन रात्री, दोघादोघांनी जागायचं, दर तासाला आजवा आणि काळा घोडा या दोन आकड्यांची नोंद करायची, आणि 22 फूट झाले की तळमजल्याची आणि वस्तीतली दारं ठोठवायची. पहिली पाळी मी आणि बेनने घेतली आहे. पहाटेची चौथ्या मजल्यावरच्या पोरांनी मागून घेतली. आजोबांनी सांगून ठेवलंय की त्यांचंही नाव घाला, तेव्हा त्यांना दुपारची दिली आहे.